जुन्या रॅक सर्व्हरमध्ये १० जीचं (सेकंदाला १० गिगाबिटचं) नेटवर्क कार्ड स्वतः बसवता येईल का, आणि केबल कुठली टाकू?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे, खाली जुना दोन सॉकेटचा रॅक सर्व्हर आहे (जागा दोन प्रोसेसरांची, लावलाय एकच, वर लिनक्सचं उबुंटू), पहिल्या मजल्यावर तीन एडिटिंगची मशिनं, भिंतीतून कॅट ५ ई नेटवर्क केबल गेलेली, आणि आता वापरलेलं इंटेल एक्स ५२० दोन पोर्टांचं कार्ड घेतलंय. व्हेंडर बसवायचे वेगळे पैसे मागतोय आणि वर म्हणतोय की सगळी केबल उखडून नवीन टाकावी लागेल.

मी इथे इंदुरातच ऑफिसांची नेटवर्क आणि सर्व्हरची कामं करतो, तर सरळ सांगतो, कार्ड स्वतः बसवा, त्याच्यात काही पंगा नाही, आणि भिंतीतली केबल आत्ता उखडू नका. स्क्रू काढून स्क्रू लावेपर्यंत फार वेळ जात नाही. लोक अडकतात ते कार्ड कुठल्या स्लॉटात घातलं आणि नंतर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कसा दिला त्याच्यात.

आधी हिशोब बघा. तुमचे कॅमेरे फोरके १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्ड करतात असं धरू. एका टाइमलाइनवर तीन कॅमेरे म्हणजे ३०० झाले, आणि तिघं एडिटर एकदम बसले की ९००. गिगाबिट पोर्टातून प्रत्यक्षात ९४० एमबीपीएसच्या आसपासच निघतं, म्हणजे सेकंदाला ११० ते ११८ मेगाबाइट. म्हणजे तुमची अडचण एडिटरच्या टेबलावर नाहीच, सर्व्हरच्या मागच्या एका पोर्टावर आहे. त्यात एकानं कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातून फुटेज कॉपी करायला लावलं की बाकी दोघांचं प्लेबॅक अडकणारच. म्हणून सर्व्हर ते स्विच (सगळ्या नेटवर्क केबली जोडतात तो डबा) १० जी करा, एडिटर आहे त्याच केबलवर राहू द्या. फार तर त्यांना २.५ जीवर न्या, त्याचं पुढे सांगतो.

आता स्लॉट. एक्स ५२० हे पीसीआय एक्सप्रेस (बोर्डावर कार्ड घालायच्या स्लॉटचा प्रकार) दुसऱ्या जनरेशनचं, आठ लेनचं, म्हणजे डेटाच्या आठ वाटांचं कार्ड आहे. त्या जनरेशनला एका लेनमधून साधारण ५०० मेगाबाइट जातात, म्हणजे आठ लेनमध्ये ४ गीगाबाइट, दोन्ही पोर्ट पूर्ण चालले तरी भरपूर. पण स्लॉट लांबीला आठचा असतो आणि आत तारा चारच लेनच्या असतात असं खूप बोर्डांवर असतं, त्यामुळे लांबी बघून ठरवू नका, मॅन्युअलमध्ये किंवा बोर्डावर स्लॉटशेजारी छापलेलं बघा. चार लेन मिळाल्या तरी २ गीगाबाइट होतात, एक पोर्ट आरामात चालेल, दोन एकदम पूर्ण चालणार नाहीत. सोळाच्या स्लॉटात घातलं तरी हरकत नाही. स्लॉट तिसऱ्या किंवा चौथ्या जनरेशनचा असला तरी कार्ड आपल्या दुसऱ्यावरच चालणार, वेग वाढेल म्हणून वाट बघू नका.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे की दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये काही स्लॉट पहिल्या प्रोसेसरला जोडलेले असतात आणि काही दुसऱ्याला. तुमच्यात दुसरा प्रोसेसरच नाही, म्हणजे त्याच्या वाटचे स्लॉट मेलेले आहेत. त्यात कार्ड घातलं तर लाइट नाही, बायोसमध्ये नाही, उबुंटूत नाही, आणि मग लोक सिल्वर मॉलला दुकानदाराशी भांडायला जातात की कार्ड खराब दिलं. कार्ड खराब नसतं. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक सर्व्हरांवर नकाशा चिकटवलेला असतो, कुठला रायझर (कार्डाचे स्लॉट असलेली, काढता येणारी पाटी) कुठल्या प्रोसेसरचा ते तिथे सापडतं, नाही सापडलं तर मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल उतरवून घ्या. नकली एक्स ५२० पण बाजारात फिरतात हे खरं आहे, पण शंका आधी स्लॉटवर घ्या.

ब्रॅकेट बघून घ्या, मागची लोखंडी पट्टी उंच आहे का बुटकी. एक यूच्या (रॅकमधल्या सगळ्यात कमी उंचीच्या) किंवा बुटक्या रायझरच्या सर्व्हरला बुटकी लागते, वापरलेल्या कार्डाबरोबर ती देतातच असं नाही, तर घेतानाच मागून घ्या. नंतर फक्त पट्टीसाठी आर.एन.टी. मार्गाला चक्कर मारायची आणि पार्किंग शोधायचं म्हणजे अर्धा दिवस गेला.

बसवताना, पहिलं बॅकअप. मग चालू सर्व्हरवर नेटवर्कची सगळी सेटिंग, इंटरफेसची नावं, आयपी, मोबाइलनं फोटो काढून ठेवा. सर्व्हर नीट शटडाउन करा आणि पॉवरच्या केबली काढा, दोन सप्लाय असतील तर दोन्ही काढा, कारण सर्व्हर बंद दिसत असला तरी केबल लागलेली असेल तर बोर्डावर स्टँडबायची वीज असते. काढल्यावर पॉवरचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलीसुरली निघून जाईल. स्टॅटिकचं, म्हणजे अंगावर साचणाऱ्या विजेचं, लोक हसण्यावारी नेतात पण आपल्याकडे थंडीत आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, स्वेटर किंवा सिंथेटिक शर्ट घालून गालिच्यावरून चालत येऊन चिपला हात लावायचा म्हणजे उगाच जोखीम आहे. मनगटाची पट्टी स्वस्तात मिळते, तिचा क्लिप चेसिसच्या उघड्या लोखंडाला लावा. पट्टी नसेल तर कार्ड पिशवीतून काढायच्या आधी आणि मधूनमधून चेसिसला हात लावत राहा, कार्ड कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट नको.

रायझर वर उचलून काढा, त्या जागेची मागची ब्लँक पट्टी काढा, कार्ड सरळ खाली दाबा. हलवून हलवून, तिरकं करून घालू नका, बसलं की दोन्ही टोकांना सारखं खोल गेलेलं दिसतं. मग स्क्रू, मग रायझर परत जागेवर, आणि झाकण लावूनच चालू करा. या कार्डांवर पंखा नसतो, नुसता हीटसिंक असतो, त्याला सर्व्हरच्या पुढून मागे जाणाऱ्या हवेवरच थंड व्हायचं असतं आणि झाकण उघडं असेल तर हवा भलतीकडूनच निघून जाते. हेच कार्ड कधी साध्या डेस्कटॉपमध्ये घालाल तर बाजूला एक छोटा पंखा लावा, नाहीतर चटका बसेल इतकं तापतं. आणि काही कंपन्यांचे सर्व्हर अनोळखी कार्ड दिसलं की पंखे जोरात फिरवायला लागतात, तेव्हा घाबरू नका, आवाज नको असेल तर सर्व्हरच्या मॅनेजमेंटच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

सर्व्हर ते स्विच केबल. दोन्ही एकाच रॅकमध्ये आहेत ना, मग डॅक घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना एसएफपी प्लसचं (या कार्डाच्या १० जीच्या खाचेत बसणारं) डोकं आधीच बसवलेली तांब्याची केबल. एक-दोन मीटरची पुरेल, पॅसिव्ह डॅक पाच-सात मीटरच्या पुढे नेऊ नये. मॉड्यूल घ्यायचं नाही, फायबर साफ करायचं नाही, वीज पण कमी लागते. शिवाय एक्स ५२० चा ड्रायव्हर अनोळखी ऑप्टिकल मॉड्यूल नाकारतो, इंटेलचं किंवा इंटेलसाठी कोड केलेलं लागतं. लिनक्समध्ये ड्रायव्हरला अनसपोर्टेड मॉड्यूल चालू द्यायचा पर्याय देता येतो, पण स्टँडर्डप्रमाणे बनवलेली पॅसिव्ह डॅक ते मुकाट्यानं घेतं, मग ती भानगड हवी कशाला. स्विचवाला काही खुसपट काढत नाही ना एवढं दुकानातच विचारा. एसएफपीच्या खाचेत आरजे ४५ चं (साध्या नेटवर्क केबलचं) मॉड्यूल लावून काम भागवायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा, ती फार तापतात आणि या कार्डाशी जमतीलच याचा भरवसा नाही.

स्विच जिन्याच्या पलीकडे किंवा वरच्या मजल्यावर असता तर मी फायबर सांगितलं असतं. ओएम ३ वर १० जी ३०० मीटरपर्यंत जातं, ओएम ४ वर ४००, रंग फिकट निळसर-हिरवा, टोकाला एलसी कनेक्टर. तेव्हा एकच लक्षात ठेवायचं, एका टोकाची टीएक्स (पाठवणारी) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणारीला), लिंक आली नाही तर आधी दोन टोकं उलटी करून बघायची, आणि तोंडाची टोपी शेवटपर्यंत काढायची नाही. फायबरात डोळा लावून लाइट येतोय का बघायचं नाही, तो डोळ्याला दिसत पण नाही आणि इजा मात्र करू शकतो.

आता भिंतीतली कॅट ५ ई. व्हेंडर म्हणतोय ते १० जी वर न्यायचं असेल तर बरोबर आहे, तांब्यावर १० जी पूर्ण १०० मीटर हवं तर कॅट ६ ए लागते, साध्या कॅट ६ वर ५५ मीटरपर्यंतच, तेही परिस्थिती चांगली असेल तर. पण तुम्हाला वर १० जी नकोच आहे. २०१६ मध्ये २.५ जी आणि ५ जीचं स्टँडर्ड आलं ते याच जुन्या केबली वाचवायला, २.५ जी कॅट ५ ई वर १०० मीटर चालतं. बाजारात असे छोटे स्विच मिळतात ज्यांना एक-दोन एसएफपी प्लस १० जीचे आणि बाकी २.५ जीचे पोर्ट असतात, नेमका तोच घ्या. एडिटिंगच्या नवीन बोर्डांवर २.५ जी पोर्ट बहुतेक असतंच, नसेल तर छोटं कार्ड टाका. एडिटरला सेकंदाला पावणेतीनशे मेगाबाइटच्या आसपास मिळेल, लग्नाच्या कामाला खूप झालं.

फक्त आधी ती केबल खरंच तांब्याची आहे का बघा. एखादं टोक सोलून तार ब्लेडनं खरवडा, आतून पांढरी चांदीसारखी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, ती मात्र बदला, तिच्यावर एक जी सुद्धा रडत चालतं. आयओ बॉक्समध्ये (भिंतीवरच्या नेटवर्कच्या डबीत) तारांच्या जोड्या जास्त उकलून ठेवलेल्या असतील तर परत पंच करून घ्या, दोन्ही टोकांना एकच क्रम. आणि केबल ट्यूबलाइटच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून लांबवर नेली असेल तर ती वेगळी करा. लांबी मोजायला टेप नको, केबलच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात, एका टोकाचा आकडा दुसऱ्यातून वजा करा.

आता चालू करा, पण स्क्रीन आणि कीबोर्ड सर्व्हरलाच लावून. उबुंटूत इंटरफेसचं नाव बऱ्याचदा पीसीआय बसच्या नंबरावरून पडतं आणि नवीन कार्ड घातलं की ते नंबर कधी सरकतात, मग जुन्या पोर्टाचंच नाव बदलतं, नेटप्लानच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाईलमधलं नाव कुठेच सापडत नाही आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायब. तेव्हा रिमोटनं बसून काही होत नाही. फाईलमध्ये नावाऐवजी मॅक ॲड्रेसनं (पोर्टाचा कायमचा नंबर) ओळख द्या, मग नाव काहीही होऊ दे.

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ असा की जुन्या पोर्टाला १९२.१६८.१.१० आहे, नवीन कार्डाला १९२.१६८.१.११ देतात, दोन्ही केबली लावून ठेवतात, आणि मग कॉपीचा स्पीड ११० च्या वर जात नाही म्हणून फोन करतात. दोन्ही पोर्ट एकाच सबनेटमध्ये (आयपीच्या एकाच गटात) असले की लिनक्स कुठल्या पोर्टातून उत्तर देईल याचा नेम नाही, बऱ्याचदा जुन्यातूनच देतो. जुन्या पोर्टाचा आयपी काढून तोच नव्या कार्डाला द्या, जुनी केबल काढून टाका. एडिटरांचे मॅप केलेले ड्राइव्ह जसेच्या तसे चालतील, त्यांना कळणार पण नाही.

लाइट हिरवी झाली एवढ्यावर समाधान मानू नका. एलएसपीसीआय ही कमांड सविस्तर चालवून कार्डाच्या लिंक स्टेटसमध्ये ५ जीटी आणि विड्थ एक्स ८ दिसतंय का बघा, एक्स १ दिसलं तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा स्लॉट चुकीचा आहे. इथटूल या कमांडमध्ये स्पीड १०००० यायला हवा. मग दोन एडिटिंग मशिनांवरून एकाच वेळी आयपर्फ ३ (नेटवर्कचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर) चालवा, सर्व्हरवर दोन वेगवेगळ्या पोर्ट नंबरांवर, मशिनं २.५ जीवर असतील आणि दोन्हीकडे २.३ जीच्या वर आकडा आला तर नेटवर्कचं काम झालं. जंबो फ्रेमच्या (डेटाचे मोठे तुकडे पाठवायची सेटिंग) नादी आत्ता लागू नका, स्विचपासून प्रत्येक मशिनवर ते सारखं करावं लागतं आणि एक राहिलं की विचित्र प्रॉब्लेम येतात. आयपर्फ चांगला आणि फाइल कॉपी हळू असेल तर मग डिस्क बघा, एक साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइटच देते, तिघांनी एकदम तिच्यात खोदकाम केलं तर त्याहून खूपच कमी, तिथे एसएसडीशिवाय इलाज नाही.

कार्डाचं दुसरं पोर्ट राहील ते पहिल्याशी बाँड करून (एकत्र बांधून) २० जी करायच्या फंदात पडू नका, एका कॉपीला त्याचा काही उपयोग होत नाही, एक कनेक्शन एकाच तारेतून जातं. पुढेमागे बॅकअपचा बॉक्स घ्याल तर एसएफपी प्लसवाला घ्या आणि दुसऱ्या डॅकनं या पोर्टाला थेट जोडा, मध्ये स्विच नको. त्या दोघांना वेगळ्या सबनेटचे आयपी द्या, समजा १०.१०.१०.१ आणि १०.१०.१०.२, गेटवे रिकामा ठेवा. बॅकअप दिवसा चालला तरी एडिटरांच्या तारेत त्याची अडचण होणार नाही.