रॅप राहू द्या, पत्रावरची तारीख बघा

पिंपरीच्या एका वाचकाने लाल मोटारसायकलची टाकी, दोन्ही साइड पॅनल आणि पुढचा मडगार्ड यांवर काळा कार्बन फायबर लूकचा व्हिनाइल रॅप लावून घेतला. चार महिन्यांनी चाकणजवळ खडीवरून गाडी घसरली, पुढचे फोर्क वाकले, ४१ हजारांचं एस्टिमेट आलं. ‘गाडीचा रंग आरसीशी जुळत नाही’ एवढ्या एका ओळीवर विमा कंपनीने क्लेम फेटाळला. त्यांचा प्रश्न असा, की रॅप लावणं बेकायदा आहे का?

हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी पाठवतं. पण तुमच्या कागदांत मला आधी दिसली ती नकाराच्या पत्रावरची तारीख. ते पत्र येऊन एकवीस महिने उलटलेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे ग्राहक आयोगात तक्रार करायला मुदत आहे दोन वर्षांची. म्हणजे तुमच्या हातात आता तीन महिनेही पूर्ण नाहीत, आणि तुम्ही मला विचारताय रॅपबद्दल!

एकवीस महिन्यांत काय केलंत? सतरा ईमेल. प्रत्येकाला उत्तर तेच: ‘आपली तक्रार नोंदवली आहे.’ अशा पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे न्यायालयांनी किती वेळा सांगायचं? उशीर माफ करायची सोय कायद्यात आहे, पण ‘मी मेल पाठवत होतो’ याला सबळ कारण म्हणवून घेणं अवघड जातं. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे एक पैसाही न भरता जाता आलं असतं. कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर थांबायचं आणि पुढच्या वर्षभरात लोकपालाकडे जायचं. तुमची पहिली लेखी तक्रार पत्र आल्याच्या आठवड्यातलीच आहे, म्हणजे ते वर्ष केव्हाच संपलं.

आता रॅपचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. केरळच्या जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे कडक शब्दांत सांगितलं, मात्र आरसीवरचे बाकीचे तपशील रीतसर बदलून नोंदवता येतात, हेही त्याच निकालात आहे. रंग हा आरसीवरचा एक रकाना. मडगार्डवर रॅप असेल तर कुणी विचारणार नाही. पण टाकी आणि पॅनल दोन्ही काळे झाले की बघणाऱ्याला गाडी काळीच दिसते. आरटीओला आधी कळवून नोंद करून घ्यायला हवी होती, असं माझं मत. व्हिनाइलच्या थराला ‘रंगबदल’ म्हणायचं की नाही, यावर वाद होऊ शकतो. आणि काळ्या काचांचा २०१२ चा निकाल कृपा करून मला पाठवू नका. तो चारचाकीच्या काचांबद्दल आहे.

कंपनीविरुद्ध तुमची बाजू मात्र मला बरी वाटते. गाडी घसरली खडीमुळे, टाकीवरच्या व्हिनाइलमुळे नाही. शिवाय नकाराच्या पत्रात जे कारण नाही, ते कंपनीला नंतर आयोगापुढे काढता येत नाही. २०१६ च्या गलाडा पॉवर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंय. म्हणजे ती एक ओळ एवढंच त्यांचं भांडवल. सगळे ४१ हजार मिळतील असं मी म्हणत नाही. अटीचा भंग मानला गेला तरी ‘नॉन-स्टँडर्ड’, म्हणजे अटींत पूर्ण न बसणारा क्लेम धरून पाऊणपट रक्कम दिल्याची उदाहरणं आहेत, आणि पॉलिसीच्या मजकुरावरही बरंच अवलंबून राहील.

पत्र आल्यावर हेअर ड्रायरने रॅप सोलून काढलात आणि लाल टाकीचे नवे फोटो कंपनीला पाठवलेत, हे कुणी सुचवलं? काही लपवायचं होतं असं दिसतं ते. त्या फोटोंवर आता विसंबू नका. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरचा अहवाल आणि त्याने काढलेले फोटो लेखी मागा. पेट्रोलच्या झाकणाभोवतीची कड आणि सीटखालचा भाग त्यात असेल तर मूळ लाल रंग तिथे दिसेलच. चॅसी नंबर जुळतोच आहे. रॅपवाल्याने बिल दिलं नाही म्हणता, पण यूपीआयची नोंद असेल. ती काढून ठेवा.

तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगात होईल, कारण तुम्ही राहता तिथे ती करता येते. ई-जागृती पोर्टलवरून भरा. तुमच्या प्रीमियमचा आकडा बघता शुल्क शून्य. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावा. माझ्याकडे असाच एक क्लेम चौथ्या वर्षात आहे, आणि मागची तारीख सदस्य रजेवर म्हणून गेली. तेव्हा गाडी तोवर गॅरेजमध्ये कुजवू नका. दुरुस्त करून घ्या, जीएसटी बिल घ्या, वाकलेले फोर्क गॅरेजवाल्याकडून मागून घरी ठेवा.

मुदत मोजताना पत्र हातात पडलं तो दिवस धरू नका, पत्रावर छापलेली तारीख धरा. आणि अठरावा मेल पाठवू नका.