मेट्रोजवळचं घर: 17 लाखांचा फरक की 23 लाखांचा?

प्रश्न: पुण्यात वनाज मेट्रो स्थानकाजवळ बांधकाम सुरू असलेला टू बीएचके 95 लाखांना मिळतोय, ताबा अडीच वर्षांनी. वारज्यात तसाच, पूर्णत्वाचा दाखला असलेला 78 लाखांना. नोकऱ्या शिवाजीनगर आणि पिंपरीला, दोन दुचाकी. सध्या 22 हजार भाडं देतो. पुढच्या वर्षी 8 लाखांचं कर्ज काढून कार घेणार आहोत. कोणतं घर घ्यावं?

उत्तर: फरक 17 लाखांचा नाही. वनाजच्या घरावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 4.75 लाख. मेट्रो अधिभार धरून 7 टक्के मुद्रांक शुल्क 6.65 लाख, नोंदणी 30 हजार. एकूण 106.70 लाख. वारज्याच्या घराला जीएसटी नाही, म्हणून ते 83.76 लाखांत पडतं. फरक जवळजवळ 23 लाखांचा. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी तेवढ्याचा हप्ता सुमारे 20 हजार. ताबा मिळेपर्यंतचं भाडं वेगळंच: तुमच्या 22 हजारांनी 30 महिन्यांचे 6.6 लाख.

आता मेट्रो काय वाचवते ते पाहू. दुचाकींचा खर्च महिना 9 हजार आणि दोघांची तिकिटं 2,600 धरली, तर बचत 6,400. त्यातली बरीचशी वारज्याहून स्कूटर स्थानकावर लावूनही होईल. कारचा बेत रद्द केलात तर मात्र 9 टक्क्यांनी 7 वर्षांचा सुमारे 12,900 चा हप्ता वाचतो आणि गणित जेमतेम जुळतं. कारही घेणार असाल, तर वनाज नको.

‘मेट्रोजवळ भाव चढतोच’ हे बिल्डरचं वाक्य अर्धंच खरं आहे. स्थानकापासून 500 मीटरच्या पट्ट्यात, रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून, प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून 4 पर्यंत एफएसआय, म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकाम, मिळू शकतो. म्हणजे शेजारीही असेच टॉवर, विक्रीला भरपूर फ्लॅट. शिवाय 10 हजार चौरस फूट जमिनीवर 4 एफएसआय वापरला, की 700 चौरस फुटांच्या घरामागे जमीन 175 चौरस फूट. 2 वापरला असता तर 350. चाळीस वर्षांनी पुनर्विकासाची वेळ आली तर जादा बांधकामासाठी विकासकाला देण्यासारखं फारसं काही उरत नाही. हे कोणी माहितीपत्रकात छापत नाही.

तरीही वनाजवर मन असेल, तर टोकन देण्याआधी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर मंजूर नकाशा उघडा. वापरलेला एफएसआय, तुमच्या नावाचं पार्किंग आणि ताब्याची नोंदलेली तारीख बघा. बिल्डरने तोंडी सांगितलेली नव्हे. करारनामा नोंदवण्यापूर्वी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. आणि स्थानकापर्यंतचं अंतर नकाशावर न मोजता सकाळी नऊला, पौड रस्ता ओलांडून, चालून मोजा.