ऑडेमार पिगे या स्विस कंपनीच्या रॉयल ओकसारखं मनगटी घड्याळ घरी बनवता येईल का? सामान मुंबईत कुठे मिळेल, आणि तबकडीवर कंपनीचं नाव टाकलं तर चालेल का?

येईल. पण आतलं, काटे चालवणारं मशीन आपण बनवत नाही, ते विकतच घ्यायचं. केस म्हणजे बाहेरचं कवच, बेझल म्हणजे काचेभोवतीची चौकट, आणि तबकडी मात्र हाताने करता येते. माझ्या मनगटावरचं आठ कोनी पितळी घड्याळ तसंच झालंय.

बहुतेक जण सेइकोचं एनएच ३५ मशीन आणि तयार आठ कोनी केस मागवतात आणि एका दुपारी जोडून मोकळे होतात. त्यात वाईट काही नाही, पण मग ते घड्याळ मनगटावर डबीसारखं का दिसतं? घड्याळांचा स्विस डिझायनर जेराल्ड जेंटाने रॉयल ओकचं १९७२चं मूळ डिझाइन केलं ते ३९ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम सात मिलिमीटर जाड. आतलं ऑटोमॅटिक मशीन तारखेसकट ३.०५ मिलिमीटरचं. एनएच ३५ एकटंच ५.३२. वर काच, काटे, तबकडी आणि खाली झाकण धरा, म्हणजे हिशोब लागेल. आठ कोन कोणीही कापेल, सगळा पैसा त्या पातळपणात आहे.

म्हणून माझं मत चावीच्या मशीनला. ऑटोमॅटिकमध्ये हात हलला की फिरून चावी देणारं वजन असतं, तो रोटर यात नाही, तेवढी उंची वाचते. एचएमटीचं जुनं १७ ज्वेल्सचं, म्हणजे झीज कमी करणाऱ्या १७ खड्यांचं, मशीन घ्या. ते कुठल्याही जुन्या घड्याळवाल्याला तोंडपाठ असतं. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर अशी घड्याळं दिसतात. 'साहब, एकदम ओरिजिनल डायल' ऐकायला मिळेल आणि डायलवरचा रंग कालपरवाचा असेल. परदेशातले संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. आपल्याला डायल फेकायचीच आहे, त्यामुळे भाव पाडायला हे उत्तम कारण. मागचं झाकण मात्र उघडून बघा. गंज नको, स्क्रूंची डोकी कुरतडलेली नकोत. घरी आणल्यावर रात्री पूर्ण चावी द्या, दुसऱ्या रात्री त्याच वेळी ते चालू असलं पाहिजे.

केससाठी पितळ घ्या. स्टील घरच्या कानशीला सहजी दाद देत नाही. मधलं गोल भोक लेथवरच पाडून घ्या, साकीनाक्याला छोटे वर्कशॉप आहेत. बारीक कानशी नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. बेझलच्या समोरासमोरच्या बाजूंत ४० मिलिमीटर अंतर ठेवलंत तर प्रत्येक बाजू साधारण १६.६ मिलिमीटर येते. अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा डोळा पकडतो, म्हणून कागदावर आठ कोन छापून पितळेवर चिकटवा आणि रेघेच्या बाहेरच थांबत थांबत घासा. आधी तिरप्या कडा चकचकीत करा. मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट बाजू एकाच दिशेने ओढा. हा शेवटचा हात फिरला की कड धारदार दिसते, आणि जेंटाची नक्कल जमली की नाही ते तिथेच कळतं.

मूळ बेझलवरच्या आठ स्क्रूंच्या खाचा एका ओळीत कशा, हे कोडं मलाही होतं. साधा स्क्रू आटे संपतील तिथे थांबतो, खाच हवी तिथे आणता येत नाही. मूळ घड्याळात ती षटकोनी डोकी बेझलच्या षटकोनी खळग्यात बसलेली आहेत, ती फिरतच नाहीत, घट्ट करतात ते मागून. घरी असे खळगे कोरणं म्हणजे डोळ्यांचं वाटोळं. मी स्क्रूंच्या जागी स्टीलच्या तारेचे आठ तुकडे ठोकून सपाट घासले आणि बेझल मागून चार स्क्रूंनी धरलं.

तबकडीवरची ती चौकड्यांची नक्षी विसरा, तिला खास मशीन लागतं. उभ्या रेघा मारलेली साधी तबकडी जास्त शोभते. मूळचा स्टीलचा पट्टाही घरी होत नाही. धारावीत चामडं घ्या. आणि पितळ घामाने हिरवं पडतं, त्यामुळे मनगटाला टेकणारं झाकण तरी स्टीलचं करा. पावसाळ्यात हे घड्याळ घरीच राहील, रबरी रिंग कितीही चांगली असली तरी हाताने घासलेल्या केसचा भरवसा नाही.

नावाचं म्हणाल तर अजिबात नको. कंपनीचं नाव टाकून विकलंत तर ट्रेडमार्क कायदा, १९९९च्या कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. स्वतःसाठी ठेवलंत तरी ते नकलीच. आपलं आडनाव घाला. कोरून घेणार असाल तर तबकडी घासायच्या आधी, कारण कोरताना वर आलेली धार त्या घासण्यातच निघून जाते.