साताऱ्यातल्या चौकातल्या ब्राँझच्या अश्वारूढ पुतळ्यावर हिरवट ओघळ आलेत, जयंतीआधी चिंचेनं घासून चकाकवावा का?

अजिबात नको. चिंचेतलं आम्ल ब्राँझचा संरक्षक थर उतरवतं. दोन दिवस चकाकी, मग पहिल्याच पावसात डाग. प्रतापगडावरचा १९५७ चा पुतळा धुकं-पाऊस झेलत उभा आहेच. घट्ट, एकसारखा हिरवा थर निरुपद्रवी असतो. नखानं खरवडून फिकट हिरवी भुकटी सुटली अन् खाली खड्डा दिसला, तर मात्र धातू-संवर्धकालाच बोलवा.

घोड्याचं पोट खालून बघा. तिथून तपकिरी ओघळ येत असेल तर आतला लोखंडी सांगाडा गंजतोय. बहुतेकदा निचऱ्याचं भोक मातीनं चोंदलेलं असतं, ते तारेनं मोकळं करा.

धुताना १० लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण, मऊ ब्रश. प्रेशर पंप नको, सांध्यांतून पाणी आत शिरतं. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नका, ओल्या फडक्यानं भिजवून काढा. पूर्ण वाळल्यावर, उन्हानं धातू कोमट असताना मेणाचा पातळ हात द्या, थंड झाल्यावर सुती कापडानं पुसा. हे पावसाळ्याआधी, मेमध्येच उरका.

आणि जयंतीचे हार दुसऱ्या दिवशी उतरवा. कुजकी फुलं ओल धरतात, मानेवरचे डाग त्यातूनच येतात.