सोलापुरात एक एकरावर नवी शाळा बांधतोय. इमारतीच्या आकाराने मुलांच्या खेळात खरंच फरक पडतो का? यू आकार घ्यावा की सरळ?

फरक पडतो, आणि भरपूर पडतो. पण आकार ठरवायच्या आधी मला तुम्हाला व्हरांड्याबद्दल विचारायचंय. मधल्या सुट्टीत मुलं काय खेळणार हे मैदानापेक्षा इमारतीच्या कडेवर ठरतं. पायऱ्या, खांब, कोपरे, कट्टा, एखादी कोरी भिंत. मैदान नकाशात सगळेच दाखवतात. कडेकडं कुणी बघत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत निवृत्तीपर्यंत खेळाची बाई होते. शाळेचं नाव लिहीत नाही. विणकरांची आणि विडी कामगार बायांची मुलं. घरी तेलुगू, वर्गात मराठी, मधल्या सुट्टीत दोन्ही. मूळ इमारत जुनी, एका सरळ रांगेत. वर्गांच्या पुढ्यात उत्तरेला लांबच लांब व्हरांडा, जाड दगडी खांब, खाली शहाबादी फरशी आणि मैदानात उतरायला पायऱ्या. या पायऱ्या दारापुरत्या नव्हत्या, व्हरांड्याच्या पूर्ण लांबीभर होत्या. ती शाळा ज्यानं बांधली त्याला मुलं कळत होती.

घंटा झाली की मैदानाचा मधला भाग आठवी-नववीच्या मुलांच्या ताब्यात जायचा. क्रिकेट. ते सगळीकडेच होतं, त्यात नवल नाही. बाकीची शाळा मात्र कडेला खेळायची. दुसरी-तिसरीची पोरं खांबखांबोळ्या खेळायची, चार खांब चौघांचे आणि ज्याच्यावर राज्य तो मध्ये. ठिक्करला खडूनं घरं आखायची गरज नसायची, फरशीच्या सांध्यांचे चौकोन तयारच होते. पायऱ्यांवर मुलींचे सागरगोटे. पश्चिमेच्या टोकाला बिनखिडकीची भिंत होती, तिच्यावर टेनिसचा चेंडू मारून झेलायचा खेळ वर्षभर चालायचा. आणि कोपऱ्यातल्या लिंबाखाली पाण्याची जमिनीतली टाकी. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे शाळेला मोठी टाकी लागतेच. तिचा स्लॅब जमिनीच्या दोन फूट वर आलेला. तो ‘डोंगर का पाणी’तला डोंगर. गॅदरिंगच्या आधी महिनाभर तोच स्टेज व्हायचा. चौथीतल्या भांडखोर मुलींची समेटाची बैठकही तिथंच भरायची.

यातलं काहीही खेळासाठी म्हणून बांधलेलं नव्हतं. तरी मोठ्या मुलांशी न भांडता, कुणाची परवानगी न मागता शंभर-दीडशे मुलं एकाच वेळी वेगवेगळं खेळू शकायची, ती या कडेमुळं. एका मोकळ्या मैदानावर एका वेळी एकच खेळ चालतो, आणि तो तिथल्या सगळ्यात दांडग्या मुलांचा असतो. मुली, लहान वर्ग, चष्मेवाले, नुकतेच दुसऱ्या शाळेतून आलेले, यांना कड लागते. कडेला उभं राहून आधी खेळ बघता येतो, मग हळूच शिरता येतं.

मग पट वाढला. तुकड्या वाढल्या, संगणकाची खोली हवी झाली. समितीनं ठरवलं, व्हरांड्याच्या अर्ध्या भागात भिंती घालून वर्ग करायचे आणि उरलेल्या भागाला ग्रिल लावायचं. मला बैठकीला बोलावलं ते क्रीडासाहित्याची खोली कुठं हलवायची हे विचारायला. मी म्हटलं, वर मजला चढवा, व्हरांड्याला हात लावू नका. अध्यक्ष म्हणाले, “बाई, व्हरांडा म्हणजे वाया गेलेली जागा. खेळायला एवढं मैदान आहे की!” इंजिनिअरनं मान डोलावली. मजल्याचा खर्च तिप्पट सांगितला गेला आणि विषय संपला. सुट्टीत काम उरकलं. पायऱ्या तोडून एकच जिना ठेवला, पुढं पेव्हर ब्लॉक बसवले, टाकीभोवती जाळी घातली.

जूनमध्ये शाळा भरली आणि पहिल्याच आठवड्यात मधली सुट्टी ओळखू येईना. खांबखांबोळ्या बंद, कारण खांब भिंतीत गेले. सागरगोटे वर्गात बाकांवर चालू झाले, मग आवाज होतो म्हणून तेही बंद. मुली डबा खाऊन बाकावरच बसू लागल्या. लहान मुलं कंपाउंडच्या भिंतीला लागून उन्हात उभी राहायची, कारण मध्ये चेंडू लागायचा. एकाच जिन्यावर चढणारी नि उतरणारी पोरं एकमेकांवर आदळू लागली, तेव्हा नियम आला की पहिली-दुसरीनं मधल्या सुट्टीत खाली यायचं नाही. मी वहीत रोज लिहून ठेवायला लागले, कोण कुठं आणि काय खेळतंय. ती वही मी अध्यक्षांपुढं ठेवली. ते म्हणाले, “हल्लीच्या मुलांना खेळायची आवडच राहिली नाही. मोबाईलनं वाट लावली.”

आमच्या शाळेत मोबाईल आणायला बंदी होती. त्या मुलांपैकी अर्ध्यांच्या घरी तेव्हा स्मार्टफोनसुद्धा नव्हता. मुलांची आवड गेली नव्हती, जागा गेली होती. हे मी तेव्हा बोलले आणि आज इथं लिहितेय, कारण हेच वाक्य मी नंतर कितीतरी शाळांत ऐकलं. इमारत बदलून खेळ मारायचा आणि दोष पोरांवर घालायचा.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात मैदान हवं, कुंपण हवं, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत, अडथळा नसलेला प्रवेश हवा, हे सगळं आहे. पण मैदान केवढं, याचं माप तिथं नाही. व्हरांडा तर त्यात कुठंच नाही. त्यामुळे तपासणीला साहेब येतात, ‘मैदान आहे’ अशी खूण करतात आणि जातात.

आता तुमची एक एकर. चाळीस गुंठे. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठे. मोठ्या मुलांचं कबड्डीचं १३ बाय १० मीटर, सव्वा गुंठा. भोवतीची मोकळी जागा धरली तरी दोन्ही आरामात बसतात. जागा कमी पडते म्हणून व्हरांडा कापला, असं कुणी सांगू लागलं तर हे आकडे पुढं ठेवा.

यू की सरळ म्हणाल तर माझं मत सरळ, फार तर एल. यू आकाराच्या मधल्या चौकात तिन्ही बाजूंनी खिडक्या येतात. काच फुटेल म्हणून चेंडू बंद होतो, आवाज घुमतो म्हणून आरडाओरडा बंद होतो, आणि ऑफिस समोरच असलं तर पोरं खेळण्याऐवजी मुख्याध्यापकांच्या दाराकडंच बघत बसतात. चौक मोठा असेल आणि भोवती रुंद पायऱ्या असतील तर यू सुद्धा छान होतो, पण एक एकरात तो चौक मोठा होणार नाही.

इमारत पूर्व-पश्चिम लांब घ्या आणि व्हरांडा उत्तरेला ठेवा. कारण ऊन. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा सात मीटर उंच दुमजली इमारतीची सावली उत्तरेला सहा मीटर पडते. २१ मार्चच्या सुमारास तीच सावली दोन-सव्वादोन मीटर उरते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर, सावली शून्य; पण तेव्हा सुट्टी असते. म्हणजे शाळेच्या बहुतेक महिन्यांत उत्तरेचा पट्टा खेळता येण्याजोगा असतो, दक्षिणेचा नसतो. मी पाहिलेल्या दोन नव्या शाळांनी मैदान दक्षिणेला ठेवलंय, रस्त्यावरून इमारत उठून दिसावी म्हणून. तिथं फेब्रुवारीपासून दुपारी चिटपाखरू नसतं. आणि पेव्हर ब्लॉक तर घालूच नका. तापतात, आणि पडलं की गुडघा सोलून निघतो. मुरूम टाका, रोलर फिरवा, पाणी मारा.

पश्चिमेला जिना, भांडारखोली, स्वच्छतागृह अशा गोष्टी ठेवा, म्हणजे वर्ग दुपारचे तापणार नाहीत आणि बाहेरून एक मोठी कोरी भिंत मिळेल. सकाळच्या शाळेत त्या भिंतीच्या पश्चिमेला सुट्टीपर्यंत सावली असते. तीच चेंडूची भिंत. तिच्यावर सुविचार रंगवू नका. बोलक्या भिंती हव्या असतील तर वर्गात करा, तिथं त्यांचा उपयोग आहे.

व्हरांडा आठ फुटांपेक्षा अरुंद नको, दहा असेल तर उत्तम. खांब गोल, दोन खांबांत आठ-दहा फूट. तळमजल्याला कठडा नको, पायऱ्या पूर्ण लांबीच्या, सहा-सहा इंचांच्या. १:१२ उताराचा रॅम्प लागणारच आहे, तो मागं लपवू नका, पुढं घ्या. व्हीलचेअरवरचं मूल सगळ्यांच्या वाटेनं आत येईल आणि बाकीची पोरं त्यावरून गोट्या घरंगळवतील.

मध्येच एखादा चौथरा असू द्या. माझा एक विद्यार्थी आर्किटेक्ट झाला, त्यानं मला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या मॉण्टेसरी शाळेचे फोटो दाखवले. हर्मन हर्ट्झबर्गर नावाच्या वास्तुरचनाकारानं ती १९६०च्या दशकात बांधली. आत दालनाच्या मध्ये विटांचा पक्का चौथरा आहे, हलवता न येणारा. मुलं त्यावर बसतात, उभी राहून नाटक करतात, त्याला बेट करतात. मी त्याला म्हटलं, ही तर आपली टाकी! त्यानंच टोकियोजवळच्या फुजी बालवाडीचंही दाखवलं, २००७ची, लंबवर्तुळाकार, मुलं छतावर गोल गोल पळतात. सुंदर आहे, पण सोलापुरात कुणी ती नक्कल करू नये. आपला स्लॅब मार्चमध्ये अनवाणी पाय ठेवू देत नाही.

आता ग्रिलबद्दल. समितीनं तेव्हा सुरक्षेचं कारण दिलं होतं आणि तुमच्याकडंही देतील. रस्त्याच्या बाजूला उंच भिंत आणि फाटक हवंच, वरच्या मजल्याला छातीएवढा कठडाही हवाच, त्यावर माझा वाद नाही. पण तळमजल्याचा व्हरांडा जाळीनं बंद करून एकच दार ठेवणं ही सुरक्षा नव्हे. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ला शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. छप्पर शाकारलेलं होतं आणि बाहेर पडायची वाट अरुंद होती. उघड्या व्हरांड्यातून, लांब पायऱ्यांवरून मुलं एका मिनिटात मैदानात येतात. आम्ही कवायतीत हे दर वर्षी करून बघायचो. ग्रिल लागल्यावर तेच काम दारात तुंबायला लागलं.

कोपऱ्यांबाबत मात्र थोडं सांभाळा. मी कोपऱ्यांच्या बाजूची आहे, पण स्वच्छतागृहाचं दार आडोशाला नको; तिथं मोठी पोरं लहानांना त्रास देतात, हे मी पाहिलंय. आडोसा कमरेएवढ्या भिंतीचा करा, म्हणजे आत बसलेल्या मुलाला एकांत मिळतो आणि उभ्या असलेल्या बाईंना सगळं दिसतं. टाकीचं झाकण लोखंडी, कुलूपबंद हवं. जाळीची गरज नाही. आणि मी आर्किटेक्ट नाही, तेव्हा मापं तुमच्याकडच्या माणसाकडून तपासून घ्या. ऐन शहरात चार-पाच गुंठ्यांत शाळा असेल तर यातलं निम्मं जमणार नाही. तिथं निदान जिना रुंद करा आणि मधली सुट्टी दोन पाळ्यांत द्या.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात निकडीचं. पट पुढं वाढणार आहे. तेव्हा ‘वाया गेलेल्या जागे’वर कुणाचा तरी डोळा जाईलच. त्यामुळे पाया आजच आणखी एका मजल्याचा घाला. आता जो खर्च वाढेल तो नंतरच्या तोडफोडीपेक्षा कमी असेल. नकाशात व्हरांड्यावर ‘व्हरांडा’ लिहू नका, ‘खेळाची जागा, पहिली ते चौथी’ असं क्षेत्रफळासकट लिहा आणि समितीच्या ठरावातही तसंच घ्या. माझ्या शाळेत असा ठराव असता तर त्या बैठकीत माझ्या हातात दाखवायला कागद असता.