नाशिक, कोल्हापूर, नागपूरसारख्या शहरांतल्या नव्या टेक स्टार्टअपमध्ये नोकरी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, घराजवळच्या पंचवीस माणसांच्या स्टार्टअपनेही बोलावलंय, आणि घरचे म्हणतात, 'लहान शहरात करिअर होत नाही.' हे शेवटचं वाक्य माझ्या दादाचं आहे, शब्दाला शब्द. म्हणून लिहायला बसले.

2019 साली मी हिंजवडीतली नोकरी सोडून नाशिकला परत आले. द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणारे सेन्सर बनवणाऱ्या एका स्टार्टअपमध्ये फर्मवेअरचं, म्हणजे यंत्राच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. दादा चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाला, "नाशिकमध्ये ठेवलंय काय?"

काय ठेवलं होतं ते सांगते. तिसऱ्याच महिन्यात निफाडजवळच्या एका बागेतून फोन आला. ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेली. आम्ही पोचलो तेव्हा बागाईतदार ठिबकच्या नळीशेजारी उभे होते. "ताई, तुमचं यंत्र म्हणतंय पाणी द्या, आन् माझा तर पाय रुततोय इथं." आमचा सेन्सर मातीत खुपसलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांमधून वीज किती जाते त्यावरून ओलावा मोजायचा. तो उपटला. दोन्ही पट्ट्यांचा धातू खतांच्या क्षारांनी खाल्लेला, बोटांना हिरवट पूड लागली. पट्ट्यांतून वीजच जात नव्हती, त्यामुळे त्याला चिखलसुद्धा कोरडा वाटत होता. आम्ही कपॅसिटिव्ह नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरकडे वळलो, कारण त्यात धातू मातीला थेट लागत नाही. सर्किट बदलणं, प्रत्येक मातीसाठी कॅलिब्रेशन (आकडे जुळवून घेणं), सेन्सरच्या डब्यात पाणी शिरू नये म्हणून सील, सगळं माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी नव्हतंच. हिंजवडीत दोन वर्षं मी एकाच मॉड्यूलचं टेस्टिंग केलं होतं. ते कोण वापरतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता दुसरी बाजू. पगारपत्रकात दरमहा 1,800 रुपये पीएफ कापलेला दिसायचा. वर्षभराने पीएफचं पासबुक उघडलं, तर शेवटचे सात महिने कोरे. कापलेले पैसे कंपनीने भरलेच नव्हते. पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार केली, पाच महिन्यांनी पैसे जमा झाले. दादाला कळल्यावर तो म्हणाला, "म्हणून सांगत होतो, लहान गावातल्या कंपन्या अशाच असतात."

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पीएफ बुडवणं हा शहराचा गुण नाही, मालकाचा आहे. जगभर सॉफ्टवेअर विकणाऱ्या झोहोचं मुख्य ऑफिस चेन्नईत असलं, तरी ती तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या लहान गावातूनही काम करते. चूक माझी एवढीच की कंपनीत शिरण्याआधी मी काहीच तपासलं नव्हतं, आणि ते तपासायला तासभरही लागत नाही. ईपीएफओच्या साइटवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये कंपनीचं नाव टाका. कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती माणसांचा, हे तिथे दिसतं. पंचवीस माणसं सांगतात आणि भरणा नऊ जणांचा असेल, तर तिथेच विचारा. वीस किंवा जास्त कर्मचारी असले की पीएफ लागू होतोच. मग एमसीए, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची स्थापना कधीची, भरणा झालेलं भांडवल किती आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, ते बघा.

पगार कमी देऊन ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, दाखवतील. ईसॉपला पगार समजू नका. कायद्याने पहिलं वर्ष काहीच व्हेस्ट होत नाही, म्हणजे हक्काचं होत नाही. नंतर शेअर घेताना, तुम्ही भरलेली किंमत आणि बाजारमूल्य यांतल्या फरकावर पगारासारखा कर लागतो, मग तो शेअर विकता येवो न येवो. तो कर पुढे ढकलायची सोय आहे, पण त्यासाठी कंपनीला डीपीआयआयटी या सरकारी विभागाची स्टार्टअप म्हणून नुसती मान्यता असून पुरत नाही, आयकर सवलतीचं 80-आयएसी म्हणून ओळखलं जाणारं प्रमाणपत्र वेगळं लागतं. मी सोडताना माझे व्हेस्ट झालेले शेअर तसेच सोडून दिले, कारण कराचे पैसे खिशातून घालावे लागले असते. मुलाखतीत फ्रेशवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण हमखास देतात. ती नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात आली तेव्हा पाचशेहून जास्त कर्मचारी कोट्यधीश झाल्याचं संस्थापकांनीच सांगितलं होतं. पण कंपनी चेन्नईत सुरू झाली 2010 ला आणि शेअर बाजारात आली 2021 ला. मधली अकरा वर्षं कोणी मोजत नाही.

मी आजही नाशिकमध्येच आहे, दुसऱ्या एका छोट्या कंपनीत, आणि हार्डवेअरची टीम सांभाळते. दादा अजूनही दर दिवाळीला पुण्यातल्या जागा पाठवतो.

एक राहिलंच. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल किंवा गृहकर्जाचा हप्ता असेल, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय जाऊ नका. माझ्यावर तेव्हा कसलीच जबाबदारी नव्हती, आणि दादाशी वाद घालताना मी हे कधी कबूल केलं नाही. आणि तुमच्या प्रश्नात ते स्टार्टअप नेमकं बनवतं काय आणि पैसे देणारं गिऱ्हाईक आहे का, हेच लिहिलेलं नाही. ते कळवा, मग पगाराच्या आकड्याबद्दल बोलू.