स्पॅनिश भाषेतल्या रॉक संगीतावर ब्रिटिश बँडचा प्रभाव कितपत आहे?

प्रभाव खोल आहे, पण त्याला निव्वळ नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल. साठच्या दशकात उरुग्वेचे लॉस शेकर्स बीटल्सच्या धर्तीवर चक्क इंग्रजीतच गात होते. त्याउलट १९८२ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे जमलेल्या सोडा स्टिरिओ या त्रिकुटाने आधी द पोलीस या ब्रिटिश बँडची रेगेमिश्रित लय आणि पुढे द क्यूर या दुसऱ्या ब्रिटिश बँडचा काळोखा सूर स्पॅनिश शब्दांत असा मुरवला की तो उसना वाटेनासा झाला. विरोधाभास असा, की त्याच वर्षी माल्विनास (फॉकलंड) बेटांवरून ब्रिटनशी युद्ध पेटल्यावर अर्जेंटिनाच्या रेडिओवरून इंग्रजी गाणी हटवली गेली आणि ती जागा स्थानिक रॉकला मिळाली. मेक्सिकोच्या कैफानेस या बँडवरही द क्यूरची छाप, अगदी केशभूषेपर्यंत, स्पष्ट दिसते.